कोरीचं पोट फुगलंय: मीठ टाकण्याआधी मासा खालून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याजवळ एकांच्या घरी अडीच फुटी, साधारण 90 लिटरची टाकी आहे. तिच्यात सहा ब्राँझ कोरी (कोरीडोरस) आणि एक सकर, दोन्ही तळाला राहणारे मार्जारमीन, म्हणजे कॅटफिश. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्यांनी निम्मं पाणी काढून विहिरीचं ताजं पाणी भरलं. चार दिवसांनी एका कोरीचं पोट बोरासारखं गोल दिसायला लागलं. ती खाते, पण कमी. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली आणि मूठभर मीठ टाकायला सांगितलं. विचारलंय असं, की मीठ नेमकं किती टाकू आणि हे औषध चालेल का?

आज दोन्ही टाकू नका. निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. ते अंगावरच्या बुरशीसाठी असतं, पोटात काय झालंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही. वर मुख्य टाकीत टाकलं तर फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मरतात आणि दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो. बाटली मात्र जपून ठेवा, ती का ते शेवटी येईल. मिठाचंही तसंच. नायट्राइटची विषबाधा झाली असेल तर साधं मीठ खरोखर मासा वाचवतं, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण मिठाने पोट साफ होत नाही. आणि ‘मूठभर’ हे माप कोरीसारख्या माशासाठी फार ढोबळ आहे.

पोट फुगणं ही खूण आहे, रोगाचं नाव नाही. आत न पचलेलं अन्न असू शकतं, अंडी असू शकतात, वायू असू शकतो, जंत असू शकतात किंवा शरीराबाहेर टाकता न आलेलं पाणी साचलेलं असू शकतं. बाहेरून पाचही गोलच दिसतात, उपाय मात्र पाचांचे पाच. अंड्यांनी भरलेल्या धडधाकट मादीवर अँटिबायोटिकचा मारा केला तर ती त्याच त्रासाने आजारी पडते. पाणी साचलेल्या माशाला आठवडाभर नुसतं उपाशी ठेवलं तर हातातला वेळ जातो.

मार्जारमीनांच्या बाबतीत अडचण आणखी एक आहे. गोल्डफिश किंवा बेट्टा यांच्या पोटात पाणी साचलं की खवले उभे राहतात आणि मासा वरून देवदाराच्या फळासारखा दिसतो. सगळीकडे हीच खूण सांगितलेली असते. पण या कुळात खवलेच नसतात. पिक्टस आणि सिनोडोंटिस यांची कातडी उघडी असते, कोरीच्या दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात, सकर तर पाठीवरून पूर्ण चिलखतात. त्यामुळे ‘खवले अजून उभे नाहीत, म्हणजे गंभीर नाही’ हा हिशेब इथे चालत नाही, आणि त्या खुणेची वाट पाहण्यात अनेकांचे मासे जातात. इथे खूण खालून बघावी लागते.

त्यासाठी मिठाईचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पुरतो. मासा जाळीने पकडू नका. कोरीच्या पाठीवरचा आणि बाजूच्या परांचा पहिला काटा ताठ होऊन अडकतो. तो जाळीत गुंतला की सोडवताना पर फाटतो, आणि हातात घुसला तर चांगलीच आग होते. टाकीच्या पाण्यात डबा बुडवून माशाला हळूच त्यात वळवा. घाबरलेली कोरी अंगातून विषारी द्रव सोडते, म्हणून डब्यातलं पाणी लगेच एकदा टाकीतल्याच पाण्याने बदला. मग डबा डोळ्यांच्या वर धरून दोन मिनिटं शांतपणे खालून बघा, नंतर बाजूने, शेवटी वरून.

कोरीच्या पोटाची खालची बाजू, म्हणजे बाजूच्या परांपासून पोटाखालच्या परांपर्यंतचा पट्टा, पट्ट्यांनी झाकलेला नसतो. तिथली कातडी पातळ आणि फिकट असते. सगळ्यात जास्त माहिती तिथेच मिळते. वरून पाहिल्यावर मासा दोन्ही बाजूंना सारखा रुंद असेल, बाजूच्या परांच्या मागे सगळ्यात जाड आणि शेपटीकडे निमुळता होत गेलेला असेल, तळाला सपाट बसत असेल आणि इतरांबरोबर वाळूत तोंड खुपसून फिरत असेल, तर ती अंड्यांनी भरलेली मादी असण्याची शक्यता मोठी. पोट ढोलासारखं ताणलेलं असेल, कातडी चकचकीत आणि आरपार दिसत असेल, कुशीच्या पट्ट्यांच्या खालच्या कडा पोटापासून सुटल्यासारख्या वाटत असतील आणि मासा तळाला टेकताना एका बाजूला कलत असेल, तर पाणी साचलेलं आहे. त्यात डोळे पुढे आले असतील किंवा पोटावर लाल चट्टे असतील, तर तपासात आणखी वेळ घालवू नका, थेट खाली सांगितलेल्या औषधाच्या भागाकडे जा.

पोट मोठं, पण डोक्यामागची पाठ खोलगट आणि धारदार झाली असेल तर जंतांचा संशय धरा. खाल्लेलं अंगी लागत नाही आणि पोट मात्र भरलेलं दिसतं. मासा शेपूट वर करून तरंगत असेल, खाली जायला धडपडून पुन्हा वर येत असेल, तर वायू. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कोरी पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते आणि आतड्याच्या मागच्या भागातून त्यातला प्राणवायू शोषते. दिवसातून काही वेळा तसं होणं स्वाभाविक आहे. दर मिनिटाला होत असेल तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. आणि फुगवटा एकाच बाजूला, कडक गाठीसारखा असेल तर माशाने काहीतरी गिळलंय. पिक्टस किंवा घरी ठेवलेला शिंगाळा असेल तर आधी टाकीतले गप्पी मोजा.

तुमच्या वर्णनात मला दोनच शक्यता दिसतात, अंडी किंवा पाणी. अंड्यांकडे कल जातो, कारण कोरी मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या आणि पावसाळा सुरू होऊन पाणी दोन-तीन अंशांनी गार व मऊ झालं की त्यांचा विणीचा हंगाम लागतो. गोव्यात मे महिन्यात टाकीचं पाणी 30 ते 31 अंशांवर असतं. जूनमध्ये निम्मं पाणी गार विहिरीचं घातलंत, म्हणजे न कळत तुम्ही तिला नेमका तोच इशारा दिलात. पण ‘कमी खाते’ हे वाक्य मला खटकतं, आणि एवढं पाणी एका दमात बदलणं हेही. म्हणून पुढची पायरी पाण्याची.

आपल्याकडे जांभ्या दगडातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि आम्लधर्मी असतं. पीएच 6 च्या आसपास, क्षार फार थोडे. ताज्या उपसलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, त्यामुळे बादलीतून लगेच मोजलेला पीएच खोटा, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा खाली येतो. बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. टाकीत केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं माप, 2 अंशांच्या खाली गेलं की पीएच कधीही कोसळू शकतो. 6 च्या खाली फिल्टरमधले जीवाणू जवळपास काम थांबवतात. तेव्हा अमोनिया साचतो, पण आम्ल पाण्यात तो बहुतांश अमोनियमच्या रूपात असल्यामुळे मासे तगून राहतात. घात होतो तो यानंतर. कुणीतरी पीएच वाढवायला चमचाभर खायचा सोडा टाकतो, साचलेल्या अमोनियमचा तासाभरात विषारी अमोनिया होतो आणि सकाळपर्यंत अर्धी टाकी मेलेली असते. म्हणून सोडा नको. तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून, मूठभर जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. त्या चुन्याच्या असल्याने आम्ल पाण्यात हळूहळू विरघळतात आणि केएच सावकाश वर आणतात. आठवड्याला एकदा मोजलं तरी पुरे.

आज थेंबांच्या किटने अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजा. चाचणीच्या कागदी पट्टीवर भरवसा ठेवू नका, दमट हवेत पट्ट्या लवकर खराब होतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत. नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या वर असेल तर तेही तक्रारीचं कारण समजा. काहीही आढळलं तर आज 25 टक्के आणि उद्या 25 टक्के पाणी बदला, एकदम निम्मं नको. नव्या पाण्याचं तापमान जुन्याच्या एक-दोन अंशांत असू द्या. नळाचं पाणी वापरत असाल तर पावसाळ्यात क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा हायपोचे खडे किंवा क्लोरीन घालवणारं द्रावण विसरू नका. नायट्राइट निघालं तरच साधं मीठ, लिटरला 1 ग्रॅम, तेही दिवसभरात तीन हप्त्यांत विरघळवून. आगरवाड्याचं खडेमीठ चालतं, फक्त आधी मगात विरघळवून गाळ खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी तेवढं टाका.

आता त्या एका कोरीला वेगळी करा. प्लास्टिकचा टब घ्या, त्यात मोजून 30 लिटर पाणी भरा आणि ते सगळं मुख्य टाकीतलंच असू द्या. मुख्य टाकीत काही दिवस चाललेला स्पंज फिल्टर आणि नारळाची अर्धी करवंटी लपायला ठेवा. तळाला वाळू अजिबात नको. वाळू नसली की विष्ठा दिसते, आणि पुढचा सगळा निर्णय तिच्यावर आहे. वर झाकण हवं, कारण हवा घ्यायला झेपावताना कोरी टबबाहेर पडते. तापमान 24 ते 26 ठेवा. ‘आजारी आहे, हीटर वाढवा’ हा सल्ला कोरीसाठी ऐकू नका. 25 अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास, आणि सुजलेल्या माशाला श्वासाचा त्रास आधीच असतो.

तीन दिवस काही खायला देऊ नका. मोठ्या कोरीला तीन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विष्ठा झाली नसेल आणि पोट तसंच असेल तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. कुठल्याही फार्मसीत मिळतं. 30 लिटरला दीड सपाट चहाचा चमचा, साधारण 7 ग्रॅम. मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून अर्ध्या तासात तीन वेळा थोडं थोडं ओता. हे आतड्यात पाणी ओढून घेतं आणि अडकलेलं मोकळं करतं, शरीरात साचलेलं पाणीही काही प्रमाणात उतरवतं. 24 तासांनी मासा शांत आहे पण फरक नाही, असं असेल तर तेवढंच आणखी एकदा, त्यापुढे नको. चूक सहसा इथे होते: पाणी बदलल्यावर लोक पुन्हा पूर्ण मात्रा टाकतात. मीठ उडून जात नाही. पाव टब, म्हणजे साडेसात लिटर बदललं असेल तर पाव मात्राच परत टाकायची.

विष्ठा बघताना घाई करू नका. तपकिरी, तुटक असेल तर आतडं चालू आहे. पांढरा, धाग्यासारखा लांब लोंबणारा पदार्थ दिसला की लोक लगेच जंतांचं औषध आणतात, पण उपाशी माशाची विष्ठा तशीच पांढरी येते, कारण आत नुसता चिकट द्रव असतो. म्हणून पांढऱ्या धाग्याला वजन द्यायचं ते मासा दोन दिवस खात असताना तो तसाच येत असेल तरच. गुदद्वारातून दोन-तीन मिलिमीटर लाल केसासारखं काही डोकावत असेल आणि मासा स्थिर झाल्यावर आत ओढलं जात असेल, तर ते कॅमालॅनस जातीचे जंत. त्याला लेवामिसोल लागतं. पट्टकृमींचं औषध वेगळं, प्राझिक्वांटेल. एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही.

चौथ्या दिवशी थोडं खायला द्या. वाटाणा सोलून द्या, असं सर्रास सांगतात. सकरला तो चालतो, कोरीला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण ती मुळात किडे-अळ्या खाणारी. तिला डाफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी जीव, द्या. त्यांच्या कवचाचा चोथा आतडं साफ करतो. सकरला मात्र काकडीची किंवा दोडक्याची उकडलेली चकती. त्याचं आतडं लांबलचक, शेवाळ आणि लाकडावरचा थर खाण्यासाठी घडलेलं. त्याला रोज अळ्या आणि सुंगटं (कोळंबी) घातली की तोच पुढचा पेशंट.

आता औषध. मासा खातोय, पण विष्ठा सतत पांढरी आणि पाठ खंगतेय, तर आतड्यातले सूक्ष्म परजीवी धरून मेट्रोनिडॅझोल वापरतात. 30 लिटरच्या टबला 200 मिलिग्रॅमची एक गोळी, म्हणजे लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. टब मोजून 30 लिटरचा ठेवा म्हटलं ते यासाठी. गोळी पूड करून कोमट पाण्यात घोटून टाका, ती सहज विरघळत नाही. रोज पाव पाणी बदलून नवी गोळी, असे पाच दिवस. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. खाणाऱ्या माशाला औषध अन्नातून दिलं तर अधिक चांगलं: 20 ग्रॅम ओल्या खाद्याला 200 मिलिग्रॅम, चायना ग्रासमध्ये बांधून. गोळी पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच घ्या.

पाणी साचलेलं असेल, डोळे बाहेर आले असतील, लाल चट्टे असतील, तर कारण बहुधा एरोमोनाससारखा जीवाणू आणि बंद पडत चाललेलं मूत्रपिंड. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं, म्हणून कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरतं आणि मूत्रपिंड ते दिवसरात्र बाहेर फेकतं. ते थकलं की मासा आतून भरत जातो. इथे एप्सम सॉल्ट आधार देतं, बरं करत नाही. अँटिबायोटिक लागतं, आणि ते कोणतं व किती हे पशुवैद्याने ठरवायचं. दुकानात मिळणारी पिवळी टेट्रासायक्लिनची पूड अंदाजाने टाकू नका. तांब्याची, फॉर्मेलिनची किंवा मॅलकाइट ग्रीनची औषधं तर उघड्या कातडीच्या माशांना अर्ध्या मात्रेतही झेपतीलच असं नाही. आणि सुईने पोटातलं पाणी काढायचा प्रयत्न कृपा करून करू नका.

या शेवटच्या प्रकारात मासा वाचेलच असं मी सांगणार नाही, बहुतेक वाचत नाहीत. तो कुशीवर पडून राहिला, तीन-चार दिवस खात नाही आणि कल्ले धापा टाकतायत, तर त्याला सोडवणं हीच दया. एक लिटर टबच्या पाण्यासाठी 0.4 मिली लवंगेचं तेल छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर दुधाळ होईपर्यंत हलवा. आधी त्यातलं थोडं ओता, मासा गुंगून पडला की उरलेलं. कल्ले थांबल्यावर आणखी अर्धा तास तसाच ठेवा, मग मातीत पुरा. आजारी मासा असो की टाकीला मोठा झालेला सकर, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. सकर आपल्या पाण्यात तग धरतो आणि स्थानिक माशांची जागा खातो.

पुन्हा असं होऊ नये म्हणून खाण्याकडे बघा. सुके दाणे आणि सुकवलेल्या ट्युबिफेक्सच्या (बारीक लाल किड्यांच्या) वड्या आतड्यात जाऊन फुगतात. दहा मिनिटं टाकीच्याच पाण्यात भिजवून मग घाला. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स नकोतच. बाजारातली सुकी सुंगटं खारवलेली असतात, तीही नकोत. पावसात लाईट तासन्‌तास जाते, फ्रीजरमधल्या ब्लडवर्मच्या वड्या वितळतात आणि लाईट आली की पुन्हा गोठतात. वडीचा चौकोनी आकार मोडलेला दिसला की पाकीट फेकून द्या. चवथीला पाच दिवस गावच्या घरी जाणार असाल तर शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका. मोठे मासे पाच दिवस सहज राहतात. द्यायचंच असेल तर चिमूट चिमूट कागदाच्या पुड्यांत बांधून, दिवसाला एक. सहा कोरींना एका वेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच पुरतं.

आणि हे सगळं करण्याआधी, आज संध्याकाळी तो डबा घेऊन मासा खालून बघाच. पोट दोन्हीकडे सारखं, कातडी मऊ, डोळे जागेवर, पाणी स्वच्छ निघालं आणि बाकीच्या कोरी तिच्या मागे-मागे असतील, तर टब लागणारच नाही. तिला तिथेच सोडा आणि दोन-तीन दिवस सकाळी लवकर पुढची काच बघा. अंडी मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, चिकट, काचेला किंवा पानांना चिकटलेली असतात, आणि मादीचं पोट त्याच दिवशी उतरतं. ती बोटाच्या टोकाने हलकेच सरकवून काढा, एअर स्टोन लावलेल्या छोट्या डब्यात टाकीच्याच पाण्यात ठेवा, आणि त्या निळ्या बाटलीतले थेंब पाणी फिकट आकाशी होईल इतके घाला. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून ते औषध खरंच उपयोगी पडतं. 25 अंशांना तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पांढरी पडलेली अंडी मात्र रोज वेचून काढा.